अश्वे, आण्णांनी संमती दिलेली नाही

अश्वे, तुझ्या आण्णांवर अन्याय झाला तो गेल्या शनिवारी, सकाळी साडेअकराच्या सुमारास, लातूरला, आपल्या कॉलेजच्या सभागृहात, तुझ्याच शोकसभेत. त्यांच्या खांद्यावर शाल टाकली गेली, त्यांनी हात जोडले, आणि त्या जोडलेल्या हातांना माईकवरून 'संमती' म्हटलं गेलं. कशाची संमती? तुझा एम. ए.चा संशोधन प्रकल्प पुस्तक म्हणून छापायची आणि त्यातलं चौथं प्रकरण काढून टाकायची. तुझी आठवण म्हणून पुस्तक, आणि तू ज्याच्यासाठी भांडलीस तेच त्यात नाही.

तू म्हणशील, "झालं पत्रकबाईचं सुरू. पहिल्या ओळीत आरोपी, दुसऱ्या ओळीत शिक्षा. आधी काय दिसलं ते लिही की." लिहिते. पण रागात आहे, तोही दिसलेल्यातच धर.

पत्रकबाई हे नाव तू मला पहिल्याच आठवड्यात ठेवलंस. मी हिमायतनगरहून नांदेडला आले ती बी. ए.ला, आणि वर्गापेक्षा विद्यार्थी संघटनेच्या खोलीत जास्त शिकले. बसपास असो, हॉस्टेलचं पाणी असो, पत्रक लिहायचं, मोंढ्याजवळच्या झेरॉक्सवाल्याकडं काढायचं, गेटवर वाटायचं. वाचणारा उभा असतो, त्याला बस पकडायची असते, म्हणून पहिल्या वाक्यात सांग कुणी काय केलं. एवढं शिक्षण घेऊन मी एम. ए.ला लातूरला आले आणि मला ते पुरेसं वाटत होतं.

मग मॅडमचा तो पहिला तास. सांस्कृतिक सिद्धान्ताचा पेपर. आधीच्या बॅचनं सांगूनच ठेवलं होतं की ह्या पेपरातले शब्द कळत नसतात, पाठ करायचे असतात. मॅडम आत आल्या, आपण सगळे उभे राहिलो, आणि त्या 'बसा' म्हणाल्याच नाहीत. आपण उभेच. मग त्यांनी विचारलं, "उभं राहायला कुणी सांगितलं?"

त्यांनी पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत बघितलं.

"कुठं लिहिलेला नियम आहे का?"

मागून एकजण म्हणाला, "संस्कार हाय मॅडम." सगळे हसले. तू उभ्याउभ्याच म्हणालीस, "कुणी सांगितलं न्हाई. पण मी एकटी बसून राहिले असते तर तुम्ही आधी माझ्याकडंच बघितलं असतं."

मॅडमनी खडू उचलला. फळ्यावर 'संमती' असा शब्द लिहिला आणि म्हणाल्या, "आता बसा. ह्या पोरीनं अर्धा पेपर शिकवला."

मला तुझा राग आला होता. माझ्या शेजारी बसलेली औशाची पोरगी, ओढणीला पिना लावलेली, तिला हे सुचावं आणि तीन वर्षं मोर्चे काढणाऱ्या मला सुचू नये. तास संपल्यावर मी तुझी ओळख करून घेतली ती भांडायला म्हणूनच. आपलं भांडण तिथून जे सुरू झालं ते दवाखान्यात अर्धं राहिलं.

बाजारात मिळणाऱ्या गाईडमध्ये सगळं होतं. वर्चस्व म्हणजे काय, व्याख्या, वैशिष्ट्ये, महत्त्व, मर्यादा, समारोप. मी पाठ केलं आणि लगेच पत्रकात वापरलं. कॉलेजचं कॅन्टीन अचानक बंद केलं होतं, त्यावरचं पत्रक. 'हे निव्वळ सांस्कृतिक वर्चस्व आहे', आणि पुढं उद्गारचिन्हांची रांग. तू ते पत्रक भज्यांचा तेलकट कागद धरावा तसं दोन बोटांत धरलंस.

"हे कुणाचं वर्चस्व गं?"

"प्रशासनाचं."

"ह्यात वर्चस्व कुठंय? हे निस्तं कुलूप हाय. कुलूप लावावं लागत न्हाई तिथं वर्चस्व असतंय."

"एवढा विचार करत बसलो ना, तर दिवाळीपर्यंत चहा मिळायचा नाही."

"मग 'कुलूप काढा' एवढंच लिही. मोठा शब्द कशाला वाया घालवतीस? पुढं लागल कधीतरी."

मी तो शब्द खोडला. माझं आजवरचं सगळ्यात छोटं पत्रक ते. पोरांनी उभ्याउभ्या वाचलं, प्राचार्यांच्या दारात गर्दी झाली आणि कॅन्टीन उघडलं. तुझे आभार मानायचे तेव्हा राहिले, कारण तू लगेच दुसऱ्या कुठल्यातरी शब्दावरून माझी खोड काढायला लागली होतीस.

तुझी शिकायची पद्धतच वेगळी. आपल्याकडं कार्यक्रमांना तोटा नाही. जयंती, उद्घाटन, निरोप, कुणाची निवड झाली, कुणाचा मुलगा पास झाला. प्रत्येकात सत्कार. शाल, श्रीफळ, हार. बाकीची पोरं मागच्या दारानं सटकायची आणि तू पुढं जाऊन बसायचीस. मी विचारायचे, "काय बघून राहिलीस एवढं?" तू माझ्या बोलण्याची नक्कल करायचीस. "बघून राहिलीस म्हणं. बघलालीस म्हण. पायऱ्या बघलाले मी. मान्यवर डाव्या बाजूनं चढतेत, ताट उजव्या बाजूनं येतंय. एकदा तरी उलटं झालेलं बघितलंस?"

एकदा म्हणालीस, "ताट धरणाऱ्या पोरी बघ. सगळ्या हॉलमध्ये तेवढ्या दोघीच टाळ्या वाजवत न्हाईत. हातच मोकळे नसत्यात."

"हे शोषण आहे," मी म्हणाले.

"असंल. पण त्या नटून आल्यात, त्यांना फोटोत यायचंय. मी बी बी. ए.च्या पहिल्या वर्षी ताट धरलं. लई भारी वाटलं मला. ते भारी वाटणं कुठून आलं ते आधी सांग, मग शोषण म्हण."

मी म्हणाले, तू सगळ्या गोष्टी अवघड करून ठेवतेस. तू म्हणालीस, त्या आधीपासूनच अवघड आहेत, मी फक्त हात लावून बघते.

आणि मग नांदेडचा मेळावा. आमच्या संघटनेचा. मी तुला हट्टानं नेलं, की ये, बघ, आमच्याकडं शाल नाही, नारळ नाही. खरंच नव्हतं. पाहुण्यांचं स्वागत पुस्तक देऊन झालं. एकेकाचं नाव पुकारून, एकेकाला उठवून, एकेकाचा फोटो काढून. ते संपेस्तोवर खेड्यावरून आलेल्या पोरींच्या गाडीची वेळ झाली. माझ्याच भागातल्या पोरी, गावाला दुपारनंतर बस नाही म्हणून कॉलेज सोडायची पाळी आलेल्या. त्यांना बोलायचं होतं. सूत्रसंचालक म्हणाला, 'वेळेअभावी'. त्या पिशव्या उचलून गेल्या.

परतीच्या बसमध्ये तू खिडकीशी बसलीस. लोहा गाव मागं पडलं. मग एकदम म्हणालीस, "शाल गेली, पुस्तक आलं. पण पोरींना माईक न्हाई भेटला."

मी उसळले. बसमधले लोक वळून बघायला लागले. "मग काय करायचं? आम्हीही तसेच, तेही तसेच, सगळेच तसेच. तुझ्या सिद्धान्तानं सगळे दोषी, म्हणजे कुणीच दोषी नाही. असलं समजून उपयोग काय?"

तू खिडकीला डोकं टेकवून म्हणालीस, "तू दोषी शोधलालीस. मी दार शोधलाले."

मला ते तेव्हा पटलं नाही. आजही अर्धंच पटतं. दोषी असतात, अश्वे. खुर्चीसकट, पदासकट असतात. ह्यावर आपलं बोलणं पुरं व्हायला हवं होतं.

आता ह्या चौथ्या प्रकरणाबद्दल, कारण हे वाचणाऱ्यांना ते माहीत नाही आणि छापणाऱ्यांची तशीच इच्छा आहे. पहिल्या तीन प्रकरणांत सिद्धान्त होता, टीव्हीवरच्या मालिका होत्या, जाहिराती होत्या. चांगलं होतं, मॅडम खूश होत्या. चौथं होतं सत्कारावर. अर्धं आपल्या कॉलेजच्या गॅदरिंगवर आणि अर्धं तुझ्या आण्णांवर. आण्णा औशातल्या एका शाळेत शिपाई होते. तिथल्या प्रत्येक सत्काराचं ताट त्यांनीच लावलं. आणि ते निवृत्त झाले तेव्हा त्यांचा सत्कार झाला.

तू त्यांची मुलाखत घेतलीस तेव्हा मी तुझ्या घरीच होते. मोबाईल तांब्याला टेकवून ठेवला होतास. तुझी माय भाकरी थापता थापता म्हणाली, "बापाला काय इचारलालीस गं, परीक्षेत बसवल्यावानी?" आण्णा मात्र एकदम गंभीर, कॉलर नीट करून बसलेले.

"सकाळच्यानंच गेलो साळंत," ते म्हणाले. "ताट कुटं ठिवलंय ते माझ्याबिगर कुनाला म्हाईत? मीच काढलं, मीच पुसलं, शाल मीच घडी घालून ठिवली. मंग सर म्हनले, आता तुमी तिकडं बसा."

तू विचारलंस, "शाल अंगावर टाकली तेव्हा काय वाटलं?"

"गरम व्हतं. मे म्हैना."

आपण सगळे हसलो. माय जास्त हसली. मग तू हळूच विचारलंस, "तुम्हाला बोलायचं होतं ना आण्णा त्या दिवशी? घरी म्हणून बघत होता तुम्ही."

आण्णांनी पुन्हा कॉलर नीट केली. "येक खुर्ची ठिवा म्हनायचं व्हतं. हापिसाच्या दारापाशी. माझ्या मागनं जे कुनी येईल त्याला बसायला. दिसभर हुबं ऱ्हाऊन पाय सुजत्यात."

"मग म्हणालात का नाही?"

"कसं म्हनावं बाई? साह्यबाच्या बाजूला, मोठ्या खुर्चीत बसवलेलं. गळ्यात हार. शाल पडली की हात आपसूक जुळतेत. समद्यांचे आभार म्हनलो आन् उतरलो खाली."

तू त्यावर लिहिलंस: 'त्या दिवशी त्यांना खुर्ची मिळाली, म्हणून त्यांना खुर्ची मागता आली नाही.'

हे वाक्य तू मला कॉलेजच्या मागच्या पायऱ्यांवर वाचून दाखवलंस. वर्षभर पाठ केलेली वैशिष्ट्ये, महत्त्व, मर्यादा, समारोप सगळं माझ्या डोक्यातून उडालं. मला सिद्धान्त कळाला तो तिथं. आणि तू आण्णांची टिंगल केली नव्हतीस. ती शाल अजून ट्रंकेत घडी घालून ठेवलीय, सणाला बाहेर निघते, त्यांना ती आवडते, हेही तू लिहिलंस. पुढं लिहिलंस की ही आवड खरी आहे, तिला खोटं ठरवून मला पुढं जाता येत नाही. मी पत्रकात हे कधीच लिहिलं नसतं. मी शालीला नावं ठेवून मोकळी झाले असते.

मॅडमनी प्रकरण वाचलं आणि तुला बोलावलं. मी दाराबाहेर होते. "अश्विनी, मालिका घे, जाहिरात घे, सिनेमा घे. सिद्धान्त बाहेर लाव गं. घरात नको."

"मॅडम, तुम्ही पहिल्या तासाला आमच्याच वर्गात लावला होता."

आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग मॅडम म्हणाल्या, "मी तासिकेवर आहे, कायम नाही. पुढच्या वर्षी मला बोलावतील का नाही ते ज्यांच्या हातात आहे, त्यांचेच सत्कार तू मोजलेस."

तू बाहेर आलीस आणि माझं तोंड बघूनच ओळखलंस. "मॅडमवर पत्रक काढलंस तर तुझं-माझं बोलणं बंद." मी काढलं नाही. तू प्रकरण काढलं नाहीस. मॅडमनी मार्गदर्शक म्हणून सही केली, ही गोष्टही इथं लिहून ठेवते. प्रकल्प चौथ्या प्रकरणासकट दाखल झाला. तोंडी परीक्षा तेवढी राहिली.

मग तो ताप.

हे लिहायला बसले तेव्हा हात शिवशिवत होते की लिहावं, कॉलेजनं अश्विनीला मारलं. पेटलं असतं पत्रक. पण ते खोटं आहे. तू मावशीकडं नांदेडला गेलीस, तिथं ताप आला, डेंग्यू निघाला, दवाखान्यात सगळे धावले आणि तू गेलीस. ह्यात कुणाचा हात नाही. दोषी नसेल तिथं दोषी उभा करायचा नाही, एवढं मी तुझ्याकडून शिकले. शिकले म्हणून जास्त त्रास होतोय. कुणाला शिव्या घालता आल्या असत्या तर रडणं तरी सोपं झालं असतं.

दवाखान्यात तुझ्या हाताला सलाईन, ओठ फुटलेले, आणि तुला काळजी तोंडी परीक्षेची. "काय इचारतील गं?"

"विचारतील, सिद्धान्त घरात का लावला म्हणून."

"मी म्हणीन, दुसऱ्याच्या घरात कसा लावू? आत कोण घेतंय मला?" हसताना तुला खोकला आला, नर्स रागावली. मी तेव्हाही सोडलं नाही तुला. म्हणाले, "ते सगळं ठीक. पण समजल्यावर करायचं काय, ते तू मला अजून सांगितलेलं नाहीस."

"बरी झाले की सांगते. भांडायची तयारी ठेव."

मी तयारीत आहे, अश्वे.

आता शनिवारचं. काय दिसलं तेच लिहिते. स्टेजवर पांढरी कव्हरं घातलेल्या खुर्च्या, टेबलावर तुझा फोटो, आय-कार्डावरचा मोठा केलेला, ज्यात तू चिडल्यासारखी दिसतेस. आणि स्टेजच्या उजव्या बाजूला दोन पोरी, साड्या नेसून, ताट धरून. शोकसभेत. मी एकीला नंतर विचारलं, तुम्हाला कुणी सांगितलं? ती गोंधळली. म्हणाली, ताई, कार्यक्रम हाय म्हटलं की आम्ही येताव. सेवकानं कपाटातून ताट काढून दिलं, त्यात शाल ठेवली, कारण ताट निघतं ते तसंच निघतं.

सूत्रसंचालन करणारे सर नेहमीचेच. तुझ्या फोटोला हार घालून झाला. सरांनी कागदावरून मान वर केली आणि त्यांच्या तोंडून, निव्वळ सवयीनं, निघालं, "यानंतर उपस्थित मान्यवरांचा शाल व श्रीफळ देऊन यथोचित..."

थांबले. हॉलमध्ये कुणालातरी हसू फुटलं, त्यानं ते रुमालात दाबलं. मीही हसले असते. तू शेजारी असतीस तर आपल्याला बाहेर जावं लागलं असतं. तुझं अख्खं प्रकरण त्या अर्ध्या वाक्यात उभं होतं आणि ते बघायला तू नव्हतीस, तू टेबलावर होतीस.

सरांनी 'माफ करा, चुकलो' म्हटलं असतं तर विषय संपला असता. माणूस चुकतो. पण त्या पोरी चालायला लागल्या होत्या, ताट स्टेजच्या मधोमध आलं होतं. प्राचार्यांनी वेळ सावरली. माईक घेतला आणि म्हणाले, "अर्थात आज सन्मान करायचा आहे तो कन्येला घडवणाऱ्या पित्याचा." आण्णा खाली तिसऱ्या रांगेत बसले होते, मायच्या शेजारी. दोघांनी दंडाला धरून त्यांना वर नेलं. चढताना त्यांनी चप्पल काढली. खांद्यावर शाल पडली. हात जुळले. फोटो निघाला.

आणि आण्णा तसेच उभे असताना प्राचार्यांनी जाहीर केलं की तुझा प्रकल्प पुस्तकरूपानं निघेल, 'किरकोळ संपादकीय बदलांसह, वडिलांच्या संमतीनं'. टाळ्या. शोकसभेत टाळ्या, अश्वे. आण्णांनी टाळ्या ऐकून मान खाली घातली. ती मान हलली असंही कुणाला वाटलं असेल.

मी उठले. "सर, किरकोळ बदल म्हणजे चौथं प्रकरण का?" माझा गेटवरचा आवाज, तुला माहितीय.

प्राचार्यांनी सूत्रसंचालकांकडं बघितलं. सर माईकवर आले. "आपण सर्वजण दोन मिनिटं स्तब्ध उभे राहून दिवंगत आत्म्यास श्रद्धांजली वाहू या."

सगळा हॉल उभा राहिला. मी तर उभीच होते.

त्यांनी मला तुझ्या नावानं गप्प केलं. त्या शांततेत मी एक शब्द बोलले असते तर तुझा अपमान करणारी मीच ठरले असते, आणि माय माझ्याकडं बघत होती. मला कुणी धरलं नव्हतं. तोंडावर हात नव्हता. दार सताड उघडं होतं. आणि मी, जिला पोलिसांच्या गाडीत बसतानाही बोलायची सवय आहे, ती मी ओठ मिटून उभी राहिले. तू वर्षभर मला जे समजावत होतीस ते माझ्या अंगावर आलं. कुलूप नव्हतं कुठंच. राष्ट्रगीत सुरू झालं, संपलं, लोक चपला शोधायला लागले.

व्हरांड्यात मी प्राचार्यांना गाठलं. ते शांतपणे म्हणाले, "ते प्रकरण कच्चं आहे. संस्थेतल्या लोकांना दुखावणारं आहे. गेलेल्या मुलीच्या नावावर वाद नको. आणि वडिलांचं काही म्हणणं नाही, तुम्ही कोण?" मी कोण. बरोबर आहे, मी कुणीच नाही. मॅडम खांबाआड उभ्या होत्या, डोळे सुजलेले. मी त्यांना काही बोलणार नव्हते, तुझी शपथ होती. त्याच पुढं आल्या. "कावेरी, आण्णांना विचार. काय काढतायत ते त्यांना कुणी सांगितलेलंच नाही."

रविवारी मी औशाला गेले. तुझ्या घरात अजून तुझ्या ओढण्या दोरीवर आहेत, मायनं काढू दिल्या नाहीत. मी आण्णांना सरळ विचारलं, तुम्ही संमती दिलीत का?

"संमती?" ते म्हणाले. "मला कुनी काय इचारलंच न्हाई. शाल टाकली, हात जोडले. लेकराच्या फोटोम्होरं हुबा व्हतो मी. मला काय सुदरत व्हतं का?"

"ते म्हणतायत काही पानं काढून छापू."

आण्णा जे म्हणाले ते मला आवडलं नाही, पण लिहिते. "काढना का मग दोन-चार पानं. नाव तर छापल पोरीचं. पुस्तकावर नाव यील. आपल्या घरात कुनाचं आलंय?"

मायनं चुलीपुढून मान वळवली. "तिचं लिवलेलं तिचं हाय. ते कापायला हे कोन?"

"तू गप. मोठी मान्सं हायती ती."

मला वाटत होतं आण्णांना हलवावं, सांगावं की हेच ते, हाच तो प्रकार. पण तू आठवलीस. आवड खरी आहे. त्यांना त्यांच्या पोरीचं नाव छापलेलं बघायचं आहे आणि त्यात काहीच खोटं नाही. तेव्हा मी फक्त एवढंच सांगितलं, की आण्णा, काढणार आहेत ते प्रकरण तुमचं आहे. तुम्ही तिला सांगितलेलं. ताट, शाल, खुर्ची. ते सगळं.

"तिनं मोबाईल ठिवून इचारलं व्हतं त्येच?"

"तेच."

"तेच काढायलेत?"

"हो."

आण्णांनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "त्या दिशी माझं बोलायचं ऱ्हायलं," ते म्हणाले. "पोरीनं माझ्यासाठी लिवलं. आता ते बी काढायलेत." मग मायला म्हणाले, "फोन दे."

फोन प्राचार्यांना लागला. आण्णा उभे राहून बोलले. "साह्यब, अश्विनीचा बाप बोलतोय. माझी संमती न्हाई. छापायचं तर समदं छापा, न्हाईतर ऱ्हाऊ द्या." पलीकडून बराच वेळ कुणीतरी बोलत होतं. आण्णा 'हाव', 'हाव' करत राहिले, मला भीती वाटली. शेवटी म्हणाले, "न्हाई साह्यब. सत्काराला न्हाई येनार. बोलायला येतो." आणि ठेवला.

"काय म्हणाले?"

"म्हनले, तुमी दुःखात हाव. प्रकाशनाला या, तुमचा आन् आईचा दोघांचा सत्कार करू."

अश्वे, तू मला सांगायचं राहिलंस की समजल्यावर करायचं काय. आण्णांनी जे केलं ते तुझ्या सिद्धान्तात बसतं का, तू ह्यालाच दार म्हणत होतीस का, मला ठाऊक नाही. मी चुकत असेन तर मला अडवायला तू नाहीस, ह्याइतकं वाईट मला कशाचंच वाटत नाही. ह्या लेखातलं प्रत्येक उद्गारचिन्ह मी आधीच खोडलंय. बाकीच्यावर तुझ्याशी भांडण्याची माझी फार इच्छा होती.

तुझ्याशी बोलणं इथं थांबवते. पुढचं तुझ्या हातात नाही, वाचणाऱ्यांच्या आहे.

तर वाचणाऱ्यांनो. पुस्तक छपाईला गेलं आहे, चौथ्या प्रकरणाशिवाय. वर्तमानपत्रात आण्णांचा हात जोडलेला फोटो आला आहे आणि त्याखाली 'संमती' छापून आली आहे. प्रकाशन ह्या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी, त्याच सभागृहात, सकाळी. तुमच्यापैकी अनेकांना निमंत्रण आलं असेल, काहींची नावं मान्यवरांत असतील. या. घरी बसून हळहळू नका. पुस्तक हातात पडलं की अनुक्रमणिका उघडा. चौथं प्रकरण नसेल तर प्रत घेऊ नका, शाल घेऊ नका, टाळी वाजवू नका. जागेवर उभं राहून एवढंच म्हणा, अश्विनीच्या वडिलांना माईक द्या. कुणी स्तब्ध राहायला सांगितलं तरी म्हणा. आणि त्यांचं बोलून होईपर्यंत कुणालाही पुढचं नाव पुकारू देऊ नका.